तोडण्यासाठी ओतलेले

मराठी समीक्षेला स्थापत्याच्या रूपकांचा फार सोस आहे. पाया, कळस, दालन, मैलाचा दगड हे शब्द काढून घेतले तर आपल्या निम्म्या ग्रंथपरीक्षणांना उभे राहणे कठीण जाईल. ज्ञानदेवांना पाया आणि तुकोबांना कळस मानणारा, बहिणाबाईंच्या नावावरचा अभंग तर आपल्या इतका तोंडी बसला आहे की पाया म्हणजे नेमके काय, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पाया म्हणजे खाली पुरलेले, एकदाच घातलेले आणि पुन्हा हात न लावायचे असे काहीतरी, अशी आपली समजूत असते. पाया घातल्यावर तो वरून तोडावाही लागतो, आणि तो तोडायचा हे ओतण्याआधीच ठरलेले असते, ही गोष्ट आम्हांला स्वारगेटजवळच्या एका बांधकामावर कळली.

पुणे हे खडकावर बसलेले शहर आहे. वर थोडी काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. त्यामुळे मुंबईत भराव घातलेल्या जमिनीवर जे खोल खांब, म्हणजे पाईल, लागतात, त्यांची गरज इथे पुष्कळदा पडत नाही. पण स्वारगेटच्या आसपासची सगळीच जमीन तशी सरळ नाही. पलीकडच्या सारसबागेतल्या गणपतीला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, कारण तिथे खरोखरच तळे होते. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेले ते तळे विसाव्या शतकात आटवले गेले. शेजारून वाहणाऱ्या आंबील ओढ्याने आपण कुठून वाहत होतो याची आठवण २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री शहराला फार महाग किमतीत करून दिली. आम्ही पाहिले ते बांधकाम अशाच भरावाच्या जागेवरचे. खडक होता, पण खोल होता.

पाईल घालण्याची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यात आहे. जमिनीत खडकापर्यंत गोल भोक पाडतात. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचे दाट पाणी भरतात. सळ्यांचा पिंजरा सोडतात. मग एक लांब नळी तळापर्यंत नेऊन तिच्यातून काँक्रीट ओततात. काँक्रीट तळाशी साठते आणि त्या गढूळ पाण्याला वर ढकलत चढत जाते. नळीचे तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवायचे असते. म्हणजे जे काँक्रीट सर्वांत आधी पडले, तेच सर्वांत वर येते. वाटेतला सगळा चिखल, सगळा गाळ त्याने अंगावर घेतलेला असतो. म्हणून ठरलेल्या उंचीच्या, म्हणजे कट-ऑफ लेव्हलच्या, वर हातभर तरी जास्त काँक्रीट आणतात आणि घट्ट झाल्यावर ते फोडून टाकतात. हाताने छिन्नीने फोडायचे तर तीन दिवस, हवेच्या दाबावरच्या यंत्राने फोडायचे तर सात दिवस तरी थांबावे, असे भारतीय मानक सांगते. शेवटची वीतभर उंची जपून, हलक्या हाताने तोडायची. नाहीतर तडा खाली उतरतो. सळ्या मात्र तोडायच्या नाहीत. वर येणाऱ्या पाईल कॅपमध्ये त्यांनाच गुंतायचे असते.

लेखनाची तुलना मूर्तिकाराच्या कामाशी करण्याची आपल्याला सवय आहे. दगडात मूर्ती असतेच, नको तो भाग काढला की झाले. पाईलचे डोके तोडणे हा वेगळा प्रकार आहे. इथे काढून टाकायचा भाग आधीपासून पडून नव्हता. तो मुद्दाम, पैसे खर्चून, चांगल्याच मालाचा ओतला होता. तो पुढे गेला म्हणून त्याच्यामागचे काँक्रीट स्वच्छ राहिले. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतली पहिली काही पाने वाचताना आता आम्हांला हे आठवते. ती पाने वाईट म्हणून लाल शाई चालवणे सोपे असते. पण विषयाभोवतीचा सगळा गाळ, सगळी उसनी वाक्ये अंगावर घेऊन तीच तर वर आलेली असतात. ती काढावीत हे खरे. पण ती लिहायलाच नको होती, असे म्हणता येत नाही.

त्या बांधकामावर एका पाईलवरून मुकादम आणि इंजिनिअर यांच्यात चाललेली बोलाचाली आम्ही ऐकली. खूण केलेल्या उंचीपर्यंत तोडून झाले होते, तरी काँक्रीट भुसभुशीत लागत होते. मुकादम म्हणाला, “साहेब, लेव्हल तर बरोबर आली की. कॅपमध्ये झाकून जाईल.” वयाने धाकट्या इंजिनिअरने शांतपणे उत्तर दिले, “मामा, लेव्हल बरोबर आलीय, पाईल नाही आला. ठणका लागेपर्यंत खाली चला.” मग आणखी दीड फूट तोडले गेले, छिन्नीचा आवाज बदलला, आणि तिथून नवे काँक्रीट घालून उंची पुन्हा भरून काढायचे ठरले. दोन दिवसांचे काम वाढले. झाकले असते तर कोणाला कळले असते? बहुधा कित्येक वर्षे कोणालाही नाही.

वेदान्ताच्या भाष्यग्रंथांत ‘स्थूणानिखननन्याय’ येतो. स्थूणा म्हणजे खांब. रोवलेला खांब पुन्हापुन्हा हलवून, ठोकून पक्का करावा, तसे आपले म्हणणे आक्षेप घेऊन घेऊन दृढ करावे, असा त्याचा आशय. ठणका लागेपर्यंत खाली जाणे हे त्याच कुळातले आहे. आपल्या वाङ्मयीन चर्चांत उंचीची खूण गाठली की आपण थांबतो. आवाज ऐकण्यासाठी फारसे कोणी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पाईलची उंची शेजारच्या पाईलवरून घेत नाहीत. दर वेळी पक्क्या आधारखुणेपासून मोजतात. शेजाऱ्यावरून मोजले तर केसभर चूक पुढेपुढे वाढत जाते. गेल्या वर्षीच्या कादंबरीवरून यंदाची कादंबरी मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही. आणि एका कॅपखाली येणाऱ्या पाईलपैकी एखादाच ताठ उंच राहिला, तर तो थोर ठरत नाही, अडचण ठरतो.

रूपक इथवर चालते. पुढे ते थांबवले पाहिजे. ब्रेकर चालवणाऱ्या पोरांचे हात यंत्र बंद झाल्यावरही थरथरत होते. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. पाणी मारून तोडले तर धूळ बरीच कमी होते. तिथे तोंडावर फक्त रुमाल होते. पायाच्या दगडांचे गोडवे गाणाऱ्या भाषेला पाया तोडणाऱ्या माणसासाठी शब्द नाही. तिथे त्याला ‘चिपिंगवाला’ म्हणतात. २०२४च्या सप्टेंबरपासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रो येते, आणि आपण सगळे सरकत्या जिन्याने वरखाली करतो. अशा प्रत्येक कामाखाली कोणीतरी ठरलेल्या उंचीशी येऊन थांबलेला असतो, आणि ती उंची खरी आहे की नुसती बरोबर, हे त्याच्या कानाला कळलेले असते. आपल्या शास्त्राला तो कान मिळवायचा असेल, तर आधी त्या माणसाचे नाव आपल्या भाषेत यायला हवे.