माळाचा ट्रॅक्टर

शेवगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस, कपाशी आणि जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी येतं. ते खरं आहे, पण तालुक्याच्या उत्तरेपुरतं. दक्षिणेला पाथर्डीच्या अंगाला सरकलं की काळी रानं मागं पडतात, मुरूम वर येतो आणि जमीन चढ-उताराची होते. आमची अकरा एकर त्या अंगाला. चार एकर ओढ्याकाठची काळी आणि सात एकर माळ. वाटणीचा विषय निघाला की काळीवर सगळ्यांचा डोळा. माळाचं नाव कोणी घेत नसे.

अण्णा होते तोवर माळ माळासारखा होता. दसऱ्याच्या आत सगळं गवत विळ्यानं कापून, पेंढ्या बांधून गंजी लागायची. 2013 साली अण्णा गेले. मी नोकरीपायी बाहेर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. थोरले दादा-वहिनी दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतात. म्हणजे गवत कापायची वेळ आणि गाडी भरायची वेळ एकच. पहिल्या वर्षी गवत तसंच उभं राहिलं. दुसऱ्या वर्षी कुसळी माजली. मग घाणेरी आली, बोरी-हिवर वाढले, आणि खालच्या अंगानं वेडी बाभूळ शिरली. मी 2024 च्या जूनमध्ये निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा माळाच्या मधोमध असलेल्या लिंबापर्यंत जायला वाट उरली नव्हती. शेळ्यासुद्धा आत शिरत नव्हत्या.

दादांच्या मणक्यानं तोवर हात टेकले होते. त्या साली उचल कोण घेणार, हा घरात न बोललेला प्रश्न होता. त्याचं उत्तर समोर बसलेलं असायचं. माझा पुतण्या, वय एकवीस, बारावी झालेला. मुकादम एक-दोनदा ओट्यावर येऊन चहा पिऊन गेला होता.

मी पुतण्याला म्हटलं, "आपण आधी माळ काढू. गाया घेऊ. बघू काय होतं."

माळ काढायचा म्हणजे ट्रॅक्टर, एवढंच आम्हाला ठाऊक. गावातला पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर भाड्यानं बोलावला, रोटाव्हेटर लावून. मालकाला दुसरीकडं जायचं होतं, म्हणून तो चावी पुतण्याकडं देऊन गेला. खालचा सपाट तुकडा झकास झाला. उताराला लागल्यावर एक बाभळीचा बुंधा आडवा आला. पुतण्यानं रोटाव्हेटर सोडला, बुंध्याला साखळी बांधली आणि साखळीचं दुसरं टोक अडकवलं ते मागं वर असलेल्या टॉप लिंकच्या जागेला. तोंड चढाकडं. मी दहा पावलांवर उभा होतो आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यानं क्लच सोडला. बुंधा हलला नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र जमिनीवरून उठली. उधळलेला बैल पुढचे पाय उचलतो तशी. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. त्यानं कसा कोण जाणे, क्लच दाबला आणि चाकं धाडकन खाली आली. ट्रॅक्टर उतारानं मागं सरकला, बांधावर टेकला आणि बांधाचा चार-पाच हात तुकडा फोडून थांबला.

पोरगा खाली उतरला आणि लिंबाखाली जाऊन बसला. दोघंही अर्धा तास काही बोललो नाही. नंतर शेवगावच्या एका जुन्या मिस्तरींनी मला कागदावर रेघ मारून दाखवलं. ओढ खालच्या हुकाला असली तर ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबलं जातं. तीच ओढ मागच्या धुऱ्याच्या वर बांधली की सगळा जोर ट्रॅक्टरला मागं उलटा करायला लागतो. चढावर तर आधीच वजन मागं गेलेलं असतं. "गुरुजी, क्लच दाबायला माणसाला सेकंदसुद्धा मिळत नाय," ते म्हणाले. "तुमचं पोरगं नशिबाचं."

घरी आम्ही सांगितलं नाही. पण आईला फुटका बांध दिसला. ती सत्त्याहत्तरीला टेकली आहे, तरी रोज एक फेरी शिवाराकडं असते. दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो बांध कोनी घातलाय, ठावं हाये का तुला?"

मला ठाऊक होतं, पण विसरलो होतो. 1972 चा दुष्काळ. मी सहा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर आई-अण्णा दोघंही जायचे. खडी फोडली, रस्त्यावर गेले, आणि त्याच काळात ह्या माळावर उताराला आडवे बांध घातले गेले. आईनं डोक्यावर पाट्या वाहिल्या. मला आठवते ती कामावर वाटलेली सुकडी आणि रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी. पाऊस नव्हता तेव्हा घातलेले ते बांध पुढं पन्नास वर्षं पाऊस अडवत राहिले. खालची चार एकर काळी ज्या विहिरीवर भिजते, त्या विहिरीला पाणी ह्या माळातूनच उतरतं.

"आरं, सगळं गवत खरडून काढल्यावर बांधाला धरून काय ठिवील?" आई म्हणाली. "तुमी काय काढायचं ते ठरिवलं. काय ठिवायचं ते ठरिवलंच नाय."

त्या वाक्यानं आमचा प्रश्नच बदलला. तोवर आम्ही "किती एचपी?" एवढंच विचारत होतो.

पहिलं काम केलं ते उतार मोजायचं. दहा फुटी बांबू घेतला, त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. बांबूचं एक टोक चढाकडं जमिनीला टेकवायचं, दुसरं टोक पाणसळ बरोबर येईपर्यंत उचलायचं आणि खाली किती अंतर राहिलं ते टेपनं मोजायचं. पुतण्यानं सातही एकर असा मोजून वहीत नकाशा काढला. खालचं निम्मं रान दहा फुटाला फूटभर उतरतं. मधला पट्टा दीड ते दोन फूट. वरचा दीड एकराचा टप्पा तीन फुटांच्या पुढं. वरच्या टप्प्यावर यंत्र न्यायचंच नाही, तिथं विळाच, हे त्याच दिवशी ठरलं. ट्रॅक्टर घ्यायच्या आधी तो कुठं चालवायचा नाही हे ठरवलं, याचा मला आजही आनंद आहे.

मग बाजार पाहिला. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथं काका-पुतणे दोन दिवस हिंडलो. छोट्या ट्रॅक्टरची एवढी जात असेल असं वाटलं नव्हतं. महिंद्राचा युवराज 215, पंधरा एचपी, एका सिलिंडरचा. व्हीएसटी शक्तीचा साडेअठरा एचपीचा. महिंद्राचाच जिवो 245 आणि कुबोटाचा निओस्टार बी2441, दोन्ही चोवीस एचपी आणि चारही चाकांना ओढ असलेले. बहुतेक जण बागेच्या ओळीत शिरण्यासाठी अरुंद बांधलेले. विक्रेते अरुंदपणाचं कौतुक सांगत होते आणि माझ्या मनात भीती होती. सपाट बागेत अरुंदपणा हा गुण, पण उतारावर जितका गाळा अरुंद आणि जितका बोजा उंच, तितकं कलंडणं सोपं.

मिस्तरींनी मार्ग सांगितला. मागच्या चाकांच्या डिस्क उलट्या बसवल्या की गाळा रुंद होतो. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरलं की वजन खाली येतं. चारही चाकांची ओढ कशाला, तर चढायला नाही, उतरायला. दोनच चाकांना ओढ असली तर उतारावर इंजिनचा अटकाव फक्त मागच्या चाकांना मिळतो, आणि उतरताना वजन पुढं गेल्यानं तीच चाकं हलकी होऊन घसरतात. पंधरा एचपीचा स्वस्त होता, काळीत पाळी घालायला पुरला असता, पण चढावर गवत कापण्याचं यंत्र फिरवायला त्याचा दम पुरेल असं आम्हाला वाटलं नाही. इंजिनचा सगळा जोर पीटीओला मिळत नसतो. म्हणून चोवीस एचपी, चार चाकी ओढ, मागं उलटल्यास माणूस वाचावा म्हणून लोखंडी कमान आणि पट्टा. तो पट्टा बांधल्याशिवाय चावी फिरवायची नाही, ही शपथ आईनं पोराकडून घेतली.

गवत कापायच्या यंत्रात दोन पंथ निघाले. एक मल्चर. उसाच्या रानात पाचट कुट्टी करणारं यंत्र आपण पाहतो, त्याच जातीचं. आडव्या दांड्यावर पुष्कळ हातोड्या लटकलेल्या असतात आणि त्या काडी बारीक कुटतात. दुसरं स्लॅशर. लोखंडी झाकणाखाली उभ्या दांड्यावर दोन जाड पाती गरगरतात. पाती सैल लटकलेली, त्यामुळं दगड-बुंधा लागला तर मागं दुमडतात. मल्चरचं काम सुंदर, पण आमच्या माळावर हाताएवढे दगड, हातोड्या किती दिवस टिकणार? शिवाय मल्चर गवताचा चुरा करतो आणि आम्हाला गाईंसाठी वैरण हवी होती. स्लॅशरखालचं गवत लांब पडतं, दाताळ्यानं गोळा करता येतं. त्याचा दोष एकच, दगड गोळीसारखा फेकतो. म्हणून चार फुटी स्लॅशर घेतला आणि पुढं-मागं साखळ्यांची झालर लावून घेतली. यंत्र चालू असताना आसपास माणूस नको, शेळी नको. बांधासाठी खांद्यावरचा पेट्रोलचा ब्रश कटर. बांधावर चाक चढवायचं नाही.

सगळं मिळून साडेसहा लाखांच्या पुढं गेलं. महाडीबीटीवर अर्ज पुतण्यानंच भरला. पूर्वसंमती यायच्या आत यंत्र विकत घेतलं तर अनुदान जातं, हे त्यानं वाचलं होतं, म्हणून आम्ही वाट पाहिली. उरलेल्यासाठी माझ्या निवृत्तीच्या पैशाला हात लावला. आमच्या घरातून विरोध झाला, आणि तो चुकीचा नव्हता.

वेडी बाभूळ मात्र यंत्रानं गेली नाही. ही मूळची अमेरिकेकडची, इंग्रजांच्या काळात आणलेली. वरून कापली की दुप्पट फुटवे घेऊन येते. तिचा बुंधा जमिनीखाली खोदून, मुळाच्या मानेसकट काढावा लागतो. जाड झाडं जेसीबीनं उपटली, बारीक आम्ही टिकावानं काढली. काटे टायरमधून आरपार जायचे. पहिल्या महिन्यात पुढच्या चाकांची सहा पंक्चरं काढली.

आणि गवत? तिथं आईचंच शास्त्र चाललं. कुसळी फुलोऱ्यावर यायच्या आत कापली तर गाई आवडीनं खातात. कुसळ धरलं की जनावराच्या तोंडाला टोचतं आणि बी सांडून पुढच्या वर्षी दुप्पट येतं. म्हणून ऑगस्टच्या शेवटी, उघडीप मिळाल्यावर, जमीन वाळली की पहिली कापणी. ओल्या उतारावर यंत्र नाही. चालवायचं ते चढ-उताराच्या दिशेनं, बांधाच्या अलीकडं थांबून, आडवं नाही. उतरताना न्यूट्रल नाही, दोन्ही ब्रेकची पट्टी जोडलेली. जमिनीपासून चार बोटं गवत ठेवायचं. बांधाच्या दोन्ही अंगाला हातभर पट्टा मुळीच कापायचा नाही. त्या पट्ट्यात पहिल्याच पावसाळ्यानंतर पवना आणि मारवेल दिसायला लागले. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं डोंगरावर मोकाट चराई बंद करून, गवत कापून न्यायचा नियम पाळून काय मिळवलं ते मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. स्वतःच्या बांधावर यायला निवृत्ती लागली.

फुटलेला बांध आम्ही दगड लावून हातानं भरला. आई काठावर बसून माती कुठं टाकायची ते सांगत होती. शेवटची एक पाटी तिनं हट्टानं स्वतः उचलली, अर्धीच भरलेली.

आता दोन गाया आहेत, गंज पाडव्यापर्यंत पुरते. पुतण्या तोच छोटा ट्रॅक्टर आसपासच्या मोसंबी-डाळिंबाच्या बागांत फवारणीला नेतो. त्यातून डिझेल आणि थोडा हप्ता निघतो. श्रीमंती आलेली नाही. एखादा कोरडा पावसाळा सगळा हिशेब मोडू शकतो, हेही कळतं.

गणपतीत मुकादम आला होता. चहा झाला. त्यानं पुतण्याकडं बघून विचारलं, "मग, यंदा किती देऊ उचल?"

दादा बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पोरगा म्हणाला, "यंदा नको. माळाची कापणी राहिलीये."

मुकादम गेल्यावर आईनं कप उचलले आणि त्याला म्हणाली, "पट्टा बांधत जा रं."