पूर्वजांची साक्ष

मराठींत ‘हुतात्मा’ हा शब्द आतां चांगलाच रुळला आहे. ज्यानें आपला देह एखाद्या ध्येयाच्या यज्ञांत अर्पण केला तो हुतात्मा. शब्द तेजस्वी आहे. परंतु तो उच्चारतांच ज्याच्यासाठीं तो योजला तो मनुष्य आपणांपासून दूर, ज्वाळांच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, आणि आपण अलीकडे हात जोडून उभे राहतों. ख्रिस्ती परंपरेंत अशा मनुष्यांस जें नांव मिळालें तें ग्रीक भाषेंतलें असून त्याचा मूळ अर्थ अगदीं साधा, कचेरींतला आहे. ‘मार्तूस’ म्हणजे साक्षीदार. ज्यानें कांहीं पाहिलें आणि विचारल्यावर तें नाकारलें नाहीं तो मार्तूस. अशी साक्ष देणाऱ्यांपैकीं कित्येकांस पुढें प्राण गमवावे लागले, म्हणून त्या शब्दास मरणाचा अर्थ मागाहून चिकटला. साक्षीदार हा असामान्य पुरुष असावा लागत नाहीं. तो भित्रा असेल, दरिद्री असेल, बोलतांना अडखळत असेल. त्यानें खरें तें सांगावें, एवढीच त्याजकडून अपेक्षा. गतकाळच्या श्रद्धावंतांकडून आपणांस धैर्य कसें लाभतें ह्याचा विचार करतांना आम्हांस हुतात्म्यापेक्षां हा साक्षीदारच अधिक उपयोगी पडला आहे. तो कसा, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

नव्या करारांत ‘इब्री लोकांस पत्र’ या नांवाचें एक पत्र आहे. त्याच्या अकराव्या अध्यायांत विश्वासानें जगलेल्या पूर्वजांची एक लांबलचक यादी दिली आहे. लहानपणीं ती ऐकली तेव्हां थोरामोठ्यांची नामावळी म्हणून ऐकली. जाणत्या वयांत ती पुन्हां वाचली, तेव्हां यादींतलीं माणसें कोण आहेत हें ध्यानांत आलें. याकोबानें आंधळ्या बापास फसविलें होतें. मोशाच्या हातून मनुष्यहत्या झाली होती. दाविदानें एका स्त्रीच्या लोभानें तिच्या नवऱ्याचा घात करविला होता. राहाब ही तर यरीहो नगरांतील वेश्या, आणि पत्रकर्त्यानें तिचा धंदा लपविलेलाही नाहीं. इतकें असूनही हीं नांवें त्यानें यादींत घातलीं, कारण तो चारित्र्याचीं प्रशस्तिपत्रें लिहीत नव्हता. ज्या घटकेस त्या माणसांनीं न दिसणाऱ्यावर भरंवसा ठेवून पाऊल उचललें, त्या एका घटकेची तो नोंद करीत होता. हें उमगल्यावर ती यादी आम्हांस प्रथमच आपली वाटली.

आम्ही जन्मानें ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या पणजोबांनीं नगर जिल्ह्यांत बाप्तिस्मा घेतला. ते ज्या जातींतून आले तिला गांवांत मान होता. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या भावांनीं त्यांस घराच्या उंबरठ्याआंत घेतलें नाहीं, आणि त्यांच्या आईनें त्यांच्या नांवानें आंघोळ केली, अशी आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे. त्यांची किंमत त्यांनीं भरली. आम्हांस मात्र श्रद्धा वडिलोपार्जित घरासारखी मिळाली. शिक्षण झालें, महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याची नोकरी मिळाली, आणि रविवारीं उपासनेस जाण्यापलीकडे ख्रिस्ती असणें म्हणजे कांहीं साहस आहे असें वाटण्याचा प्रसंग फारसा आला नाहीं. पन्नाशी उलटल्यावर तो आला, आणि तो बाहेरून न येतां घरांतूनच आला.

आमच्या कन्येनें आपल्या पसंतीचा मुलगा आम्हांस सांगितला. मुलगा सुशिक्षित, सालस आणि आमच्याप्रमाणेंच चार पिढ्यांचा ख्रिस्ती. परंतु त्याचे पूर्वज गांवकुसाबाहेरच्या वस्तींतून आलेले. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको कीं, ह्या मंडळ्यांचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला आहे. उच्च म्हणविणाऱ्या जातींतून आलेलीं कुटुंबें मूठभर. प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच भाकरीचे तुकडे सगळे घेतात. सोयरीक ठरवितांना मात्र हळूच विचारणा होते, ‘ते मूळचे कोण?’ आमच्या एका वयोवृद्ध चुलत्यांनीं तर हळूच विचारण्याचेंही कष्ट घेतले नाहींत. ते म्हणाले, “अरे, धर्म बदलला म्हणून बीज बदलत नाहीं. तुझ्या मागें दुसऱ्या मुली आहेत घराण्यांत, त्यांचा विचार कर.” चुलते आम्हांस वडिलांच्या ठिकाणीं. त्यांच्यापुढें आजवर आम्हीं मान वर करून उत्तर दिलें नव्हतें. आणि इकडे कन्या शांतपणें विचारी, “बाबा, पणजोबांनीं जें उंबरठ्याबाहेर टाकून दिलें तें तुम्ही परत घरांत आणणार का?”

भीति वाटली हें सांगण्यांत आम्हांस संकोच नाहीं. सिंहाच्या जबड्याची भीति एक वेळ समजूं शकते; परंतु चुलत्यांचा अबोला, भाऊबंदांच्या बैठकींतली कुजबूज, घराण्यांतल्या इतर मुलींच्या विवाहांत येणारे अडथळे, ह्यांची भीति कांहीं कमी नसते. तिला कोणी भीति म्हणत नाहीं, व्यवहार म्हणतात, म्हणून ती अधिक टिकते. त्या महिन्यांत आम्हीं जुन्या श्रद्धावंतांचीं चरित्रें पुन्हां चाळलीं, आणि तीं आम्हांस निराळीं दिसूं लागलीं.

कार्थेज नगरांत इसवी सन 203 मध्यें पर्पेतुआ नांवाची सुमारें बावीस वर्षांची कुलीन स्त्री ख्रिस्ती असल्याबद्दल श्वापदांपुढें टाकली गेली. तुरुंगांत तिनें स्वतः लिहिलेली हकीकत आज उपलब्ध आहे. एवढ्या प्राचीन काळच्या ख्रिस्ती स्त्रीचें असें लिखाण अतिशय दुर्मिळ. तिच्या कडेवर अंगावर पिणारें मूल होतें. अंधारकोठडीस आपण घाबरलों हें तिनें लपविलेलें नाहीं. तिचा वृद्ध पिता पुनःपुन्हां येऊन विनवी, आपल्या पिकल्या केसांची शपथ घाली, तिच्या हातांचें चुंबन घेई, पायांशीं पडे. तरुणपणीं आम्हीं ही हकीकत वाचली तेव्हां आमचें सगळें लक्ष कन्येकडे होतें. ह्या खेपेस आम्ही त्या बापाकडे पाहत राहिलों. तो दुष्ट नव्हता. त्याचें कन्येवर सर्वांत अधिक प्रेम होतें, आणि त्या प्रेमानेंच तो तिला खरें बोलण्यापासून परावृत्त करीत होता. प्रेमळ बापानें कोठें उभें राहूं नये हें आम्हांस त्या वृद्धानें शिकविलें.

त्याच हकीकतींत फेलिसिटास नांवाची एक दासी आहे. ती तुरुंगांतच प्रसूत झाली, आणि तिची मुलगी एका ख्रिस्ती भगिनीनें वाढविली. रंगणांत दोघींवर मस्तवाल गाय सोडण्यांत आली. पर्पेतुआ आपटली, उठली, आणि खालीं पडलेल्या फेलिसिटासला तिनें हात देऊन उभें केलें. त्या काळच्या रोमन समाजांत दासी म्हणजे विकत घेतां येणारी वस्तु. हजारों प्रेक्षकांसमोर एका कुलीन स्त्रीनें दासीचा हात धरून बरोबरीनें उभें राहणें, ही त्या दिवसाची साक्ष मरणाइतकीच बोलकी आहे.

परंतु कार्थेज दूर आहे. जवळचीं उदाहरणें पाहावीं म्हणून आम्ही आपल्याच प्रांताकडे वळलों. 1843 मध्यें मुंबईंत नारायण शेषाद्रि ह्या देशस्थ ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं राहून जेवला होता. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि मुलगा बापाच्या स्वाधीन करण्यांत आला. मग त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें कीं नाहीं ह्यावर ब्राह्मणसमाजांत दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीं त्या मुलाच्या शुद्धीचा पुरस्कार केला, आणि त्याबद्दल त्यांस स्वजातीचा रोष सोसावा लागला. एका मुलाच्या चार घासांनीं सगळें शहर ढवळून निघालें! ज्या काळीं अन्नास एवढी किंमत होती त्या काळीं हेच नारायण शेषाद्रि पुढें जालन्यास गेले आणि त्यांनीं आपलें आयुष्य मुख्यतः मांग समाजांत वेंचलें. जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत त्यांनीं उभारली. बाप्तिस्म्याच्या दिवशीं त्यांनीं जात सोडली हें खरें. पण ती खरोखर सुटली, ती जालन्याच्या परिसरांत, वर्षानुवर्षें रोज थोडीथोडी.

हें ‘रोज थोडीथोडी’ आम्हांस सर्वांत स्पष्ट दिसतें तें लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनांत. त्यांच्या वडिलांच्या घरीं सोवळ्याचा अतिरेक एवढा कीं, बाहेरून आलेली वस्तु धुतल्याखेरीज स्वीकारली जात नसे. 1895 च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां ह्या बाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. नगरास पतीकडे परत आल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें सोडलें नाहीं. टिळकांनीं त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. मग एक एक गांठ सैल होत गेली. जातिभेद माणसांनींच निर्माण केला आहे असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि 1900 च्या सुमारास त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं घरीं आणलेल्या निराधार मुलांच्या त्या पुढें आई झाल्या. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, आपल्या भीतीची आणि हट्टाची थट्टा त्या स्वतःच करतात. एका उडींत नदी ओलांडणाऱ्याकडे आपण काठावरून पाहत राहतों. पण चिखलांत पाय रुतत, पदर सावरीत पलीकडे पोंचलेल्या बाईकडे पाहिलें म्हणजे वाटतें, हें आपणांसही जमण्यासारखें आहे.

ह्या वाचनानें आमची भीति गेली असें नाहीं. परंतु तिच्यासह चुलत्यांच्या घरापर्यंत चालत जाण्याइतकें बळ आलें. आम्ही त्यांच्यापुढें नेहमींप्रमाणें सतरंजीवर बसलों आणि म्हणालों, “काका, आजोबांनीं भावांचें घर सोडलें तें ह्याच प्रश्नासाठीं. त्यांच्या फोटोस आपण दरवर्षीं हार घालतों. हें लग्न आम्ही करणार आहों. तुम्हीं येऊन मुलांस आशीर्वाद द्यावा, एवढीच विनंति.” ते कांहीं बोलले नाहींत. विवाहाच्या दिवशीं ते आले नाहींत, आणि आजही आमच्याशीं मोजकेंच बोलतात. काकू मात्र आल्या. उपासनामंदिरांत त्या अगदीं शेवटच्या बांकावर बसल्या, आणि नंतर पंगतींत वराच्या आजीच्या शेजारीं जेवल्या. वरकरणीं घडलें तें एवढेंच. घराण्यांतल्या दोन सोयरिका त्यानंतर अडल्या, हेंही सांगितलें पाहिजे. धैर्याची किंमत पुष्कळदां दुसऱ्यांसही भरावी लागते, आणि त्या मुलींकडे पाहतांना आमचें मन आजही जड होतें.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वजांचा आदर करणें सोपें आहे, कारण त्यांचा प्रश्न निकालांत निघालेला असतो. कार्थेजचें रंगण आज ओसाड आहे; परक्या घरच्या चार घासांसाठीं आज कोणी न्यायालयांत जात नाहीं. त्यांच्या लढाईचें कौतुक करतांना आपणांस कांहीं गमवावें लागत नाहीं. म्हणून त्यांनीं जें केलें तेंच पुन्हां करणें ही त्यांची खरी आठवण नव्हे. त्यांच्या काळांत सत्य ज्या ठिकाणीं महाग होतें त्या ठिकाणीं ते उभे राहिले. आपल्या काळांत तें कोठें महाग आहे, हें ज्याचें त्यानें शोधावयाचें असतें. कोणास तें सोयरिकींत सांपडेल, कोणास हिशेबाच्या वहींत, कोणास शेजाऱ्याच्या बाजूनें बोललेल्या एका शब्दांत. तें ठिकाण बहुधा लहान आणि घरगुती असतें, आणि तेथें पाहावयास प्रेक्षक नसतात. साक्षीदारांनीं आपलें म्हणणें सांगून पिंजरा मोकळा केला आहे. कचेरी मात्र अजून उठलेली नाहीं. एकामागून एक नांवांचा पुकारा चालूच आहे.