तांब्याचा पोचा
संगणकावरील आराखड्यांत तांब्याचें पोट एकाच अखंड वक्राचें असतें. पण चित्र रंगविणाऱ्या दुसऱ्या प्रणालींत तें उतरलें, कीं शेंकडों सपाट त्रिकोणांचें होतें आणि हिऱ्यासारखें पैलूदार दिसूं लागतें. यावर युटा विद्यापीठांतील आंरी गूरो यांनीं १९७१ सालीं मोठी गोड लबाडी काढली. त्रिकोणांना हातहि लावूं नये. त्यांच्या कोपऱ्यांवरील उजेडाच्या छटा तेवढ्या एकमेकींत मिसळाव्या! डोळा फसतो. बाह्यरेषा मात्र कोनाकोनांचीच राहते.

आईचा मोडींत गेलेला तांब्या मीं आठवून आखला होता. छटा मिसळतांच तो चिंचेनें नुकताच घासल्यासारखा लखलखला, तरी परका वाटला. आईच्या तांब्याला एका अंगास पोचा होता. छटा मिसळून पोचा उमटत नाहीं. पृष्ठालाच ठोका द्यावा लागतो. तो मीं दिला.