चहा आणि तीन गोळ्या

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती गोळ्या नेमक्या कशा घेते, हे आपण कधी शेजारी बसून पाहिले आहे काय? मी पाहिले नव्हते. आई इंदापूरला, मी बारामतीला. रोज फोनवर माझा एकच प्रश्न, "गोळ्या घेतल्यास ना?" आणि तिचे एकच उत्तर, "घेतल्या गं."

तरीही तिचा थकवा वाढत गेला आणि टीएसएचही. थायरॉइडच्या औषधाची मात्रा वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी तिलाच विचारले, "आजी, गोळ्या कशा घेता?" आई अभिमानाने म्हणाली, "सगळ्या एकदम, सकाळच्या चहाबरोबर. म्हणजे विसरायला नको." त्यांत थायरॉइडची, कॅल्शियमची आणि पायांत गोळे येतात म्हणून शेजारणीने सुचवलेली मॅग्नेशियमची, अशा तिन्ही होत्या.

कॅल्शियम व मॅग्नेशियम एकत्र घेतल्याने बिघडले असावे, असे मला वाटले. तसे नव्हते. आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्यात जो पांढरा थर धरतो, त्यातही ही जोडी असते. नेहमीच्या मात्रेत ती एकमेकांना फारशी आडवी येत नाहीत. मात्रा मोठी असेल तरच वेळा वेगळ्या ठेवाव्यात. परंतु दोन्ही खनिजे थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच अडवतात. म्हणून ते औषध सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावे, चहा अर्ध्या ते एक तासाने, आणि ही खनिजे किमान 4 तासांनी.

आणखीही काही उमगले. शरीर एका वेळी साधारण 500 मिलीग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, सायट्रेट उपाशीपोटीही चालते. वेष्टनावर 1250 मिलीग्रॅम कार्बोनेट असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500च असते. मॅग्नेशियमने पोट सैल होते. आईच्या त्या तक्रारीचा दोष आम्ही बिचाऱ्या ताकाला देत होतो! मूत्रपिंड दुबळे असेल तर ते रक्तात साचून घातकही ठरते. डॉक्टरांनी ती गोळी बंदच केली. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतून आणि शेंगदाण्यांतून मॅग्नेशियम मिळतेच, असे ते म्हणाले.

दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली. टीएसएच उतरला होता, मात्रा वाढवावी लागली नाही. आता फोनवर मी विचारते, "कोणती गोळी किती वाजता घेतलीस?" परवा आई वैतागून म्हणाली, "तू मुलगी आहेस की एसटीची कंट्रोलर?" मग तिने वेळा मात्र अचूक सांगितल्या.