पाठवणारा दुसरा, नाव आपलं

पाचोऱ्यात मी संस्थांच्या मेलची व्यवस्था बघतो. जिनिंगवाले, पतसंस्था, शाळा, केळीचे व्यापारी. बहुतेकांची तक्रार एकच: "भाऊ, मेल गेला असं दाखवतं, पण समोरच्याला मिळालाच नाही." बघावं तर तो स्पॅममध्ये पडलेला असतो.

ऑफिसातल्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवायचे दिवस गेले. साध्या ब्रॉडबँडच्या आयपीवरून आलेला मेल जीमेलसारखे मोठे लोक बहुधा दारातूनच परत करतात. पुष्कळ कनेक्शनांवर मेल बाहेर पाठवायचा पोर्ट 25 बंदच असतो. त्यामुळे पाठवण्याचं काम बाहेर द्यावं, हे माझं स्पष्ट मत. अ‍ॅमेझॉनच्या एसईएससारख्या सेवेकडे वापरातले, ओळख असलेले आयपी असतात. छोट्या संस्थेने स्वतंत्र आयपीचा हट्ट धरू नये. महिन्याला दोन-चार हजार मेलांवर त्याची ओळखच उभी राहत नाही.

मात्र काम बाहेर दिलं म्हणजे जबाबदारीही गेली, असं अनेकांना वाटतं. भाड्याच्या ट्रॅक्टरने आणलेला कापूस ओला निघाला, तर भाव शेतकऱ्याचाच पडतो. तसंच डोमेनचं आहे: मेल कोणीही पाठवो, नाव आपल्याच डोमेनचं लागतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या डोमेनची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीनही नकोत. लहान संस्थांनीही तिन्ही लावून घ्याव्यात. डीमार्कचे अहवाल वाचले की आपल्या नावाने कुठून कुठून मेल जातात ते कळतं: टॅलीतली बिलं, वेबसाइटचा फॉर्म, कधी भलताच कोणीतरी.

पण खरं काम पत्त्यांच्या यादीत आहे. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस पाठवायची, तर पत्ते हाताने भरलेल्या अर्जांवरून टाइप केलेले. कुठे "डॉट कॉम"चं "डॉट कॉन" झालेलं, कुठे आडनावातलं एक अक्षर गळालेलं, तर कुठे दहा सभासदांच्या नावापुढे अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचाच पत्ता. नोटीस सुटली की मी लॉग उघडून बसतो. त्यात 550 5.1.1 हा कोड दिसला, म्हणजे असं खातंच नाही. तो पत्ता त्याच दिवशी काढायचा. 421 म्हणजे आत्ता नको, नंतर या. तिथे घाई करायची नाही, वेग कमी करायचा. मेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं, की चांगल्या पत्त्यांवरचे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. डोमेनचं बिघडलेलं नाव सावरायला महिने जातात, आणि सेवा बदलली तरी त्याचा इतिहास मागोमाग येतो.

म्हणून संस्थाचालकांना कळकळीची विनंती: पत्त्यांची यादी कोणाकडूनही विकत घेऊ नका. ज्या सभासदाचा मेल परत आला, त्याला फोन लावा आणि त्याचा चालू पत्ता अक्षर अक्षर विचारून लिहून घ्या.