दुपारची सुट्टी कुणाची?

दुपारी साडेतीनला खुर्च्या टेबलांवर उलट्या पडतात आणि संध्याकाळी सातला पुन्हा सरळ होतात. हॉटेलच्या धंद्यात याला ब्रेक शिफ्ट म्हणतात. मधल्या वेळेला मालक सुट्टी म्हणतो, आणि माझ्या मते खोट तिथेच आहे. मुंबईत फोर्टला काम करणाऱ्याचं घर विरारला असेल, तर तेवढ्यात जाऊन येण्यात अर्थ नाही. तो पोटमाळ्यावर आडवा होतो, एक कान खालच्या हाकेकडे ठेवून. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने कामाचे तास मोजलेच, पण कामावर चढल्यापासून उतरेपर्यंतचा पसाराही मोजला: मूळ कायद्यात साधारणपणे साडेदहा तास, खंड पडणाऱ्या कामाला बारा. कायद्यालाही हा मधला वेळ पूर्ण मोकळा वाटला नाही, असाच याचा अर्थ मी लावतो. छोटी हॉटेलं मात्र त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेरच राहतात.

सोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी 2007 साली थकवा भरून काढणाऱ्या चार गोष्टी मांडल्या: कामापासून मन सुटणं, विसावा, काही नवं शिकणं आणि स्वतःच्या वेळेवर ताबा. पोटमाळ्यावर यातला विसावाच मिळतो, तोही अर्धामुर्धा. नवं शिकायला वेळेवर ताबा लागतो: मुंबईच्या उडपी हॉटेलांतली कितीतरी पोरं कन्नड रात्रशाळांत शिकली, ती, मला वाटतं, कामावरून सुटण्याची वेळ ठरलेली होती म्हणून. गिऱ्हाइकाशी या थकव्याचा संबंध सरळ आहे. वेटर ताटाबरोबर चेहराही वाढत असतो. या भावनिक श्रमाबद्दल समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983मध्येच लिहिलं. थकलेला हात ताट आणून ठेवतो, पण थकलेलं मन ‘पोळी गरम देऊ का?’ असं आपणहून विचारत नाही. (भटारखाना रेंगाळला तर ताज्यातवान्या वेटरचाही इलाज नसतो, हे खरंच.)

मालक म्हणतात, गावाकडून आलेल्या पोरांना सुट्टी नको, जादा पैसे हवेत. पगार तुटपुंजा असेल तर कुणीही हेच म्हणेल. ती आवड नव्हे, नड आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीत सुट्टी देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणून मी जास्त सुट्टी मागत नाही, आधी ठरलेली मागतो: आठवड्याचं वेळापत्रक आगाऊ भिंतीवर लागावं आणि सुटीच्या दिवशी फोन जाऊ नये. याला माणूस वाढवावा लागत नाही. आणि आपण गिऱ्हाइकांनीही शेवटच्या ऑर्डरची वेळ साडेदहाची असेल, तर दहा चाळीसला ‘फक्त दोन प्लेट’ म्हणत आत शिरू नये.