पोट कापून आलेली

कान दुखतो म्हणून गेले, तरी डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं. साताऱ्यातले आमचे जुने डॉक्टर, स्वभावाने अतिशय चांगले. पण माझी तपासणी काट्यापासून सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा तिथेच संपायची. गुडघा दुखतो? वजन. धाप लागते? वजन. पाळी पुढे गेली? वजन. यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून उलट बोलायलाही जागा नव्हती.

उंची 155 सेंटिमीटर, वजन 104 किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. माझा 43 च्या पुढे. आता 104 किलो घेऊन जगणं म्हणजे काय, ते सांगते. लग्नाच्या मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय निरखायचे आणि जमलं तर दोन खुर्च्या एकात एक घालून मग टेकायचं. कराडला जाताना वडापवाल्याने "मावशी, दोन सीटचे द्यावे लागतील" म्हणायचं आणि आतल्या सगळ्यांनी एकदम बाहेर बघायचं. ब्लाउजपीस कधी पुरायचा नाही. बाह्यांना मॅचिंग सेंटरमधून वेगळं कापड आणायचं. सत्यनारायणाला खाली बसायचं तर उठताना कोण हात देईल, ते आधी बघून ठेवायचं. आणि माझ्या पायाची नखं हे कापायचे. रविवारी सकाळी, खाली जुना पेपर पसरून, एक शब्द न बोलता. वडापवाल्याचं मला इतकं लागलं नाही, जितकी त्या पेपरवर पडणाऱ्या नखांच्या आवाजाची लाज वाटायची.

लोकांना वाटतं, जाड माणूस दिवसभर चरत असतो. माझं जेवण जावेपेक्षा फार वेगळं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तिच्या ताटात तिसरी पोळी पडली तर ती भूक आणि माझ्या ताटात पडली तर हावरटपणा. चारचौघांत खायची चोरी झाली की माणूस ओट्याशी उभं राहून खातो. तसं मीही खाल्लं आहे.

2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवणारे आणि ऋजुता दिवेकरांचे दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे. आमच्या बँकेच्या शाखेत हेडकॅशियर पहिल्या पक्षात, मॅनेजर मॅडम दुसऱ्या. मी आळीपाळीने दोन्हीकडे मतदान केलं. त्याआधी जिऱ्याचं पाणी झालं होतं, काढे झाले होते, पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ झाला होता. आणि दर वेळी वजन उतरलं होतं! हे ऐकून लोक चकित होतात. पण उतरवणं मला कधीच अवघड गेलं नाही. उतरलेलं राहायचं नाही. आठ-दहा किलो गेले की भूक अशी खवळायची की रात्री जाग यायची, आणि बघता बघता गेलेलं सगळं व्याजासकट परत. हेडकॅशियरची साखर मात्र दोन वेळच्या जेवणाने खरंच आटोक्यात आली, तेव्हा दोष पद्धतीचा म्हणता येत नाही. मग उरतो कोण? मी. वीस वर्षं मी तसंच धरून चालले होते.

पुण्यातल्या सर्जनकडे मी गेले ती वजनासाठी नव्हे, झोपेसाठी. काउंटरवर नोटा मोजताना डोळा लागू लागला होता; कॅश तुटली असती तर भरपाई खिशातून. साताऱ्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला लावली. तासाला चाळिसाहून अधिक वेळा माझा श्वास अडत होता; तिसाच्या वर गेलं की तो स्लीप अ‍ॅप्नियाचा तीव्र प्रकार समजतात. तोंडावर मास्क लावून हवा ढकलणारं सीपॅप मशीन घरी आलं. शिवाय मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू असून साखरेची सरासरी दाखवणारं एचबीए1सी 8.9. छातीचे डॉक्टर म्हणाले, "मशीन वापरा, पण एकदा बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनला दाखवून या."

सर्जनने काट्यावर उभं केलंच, पण त्यानंतर जे बोलले ते मला नवं होतं. त्यांनी मेलबर्नच्या संशोधकांचा 2011 मधला अभ्यास सांगितला. कडक डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांचं रक्त तपासलं, तर भूक लावणारी आणि भागवणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही ठिकाणावर आलेली नव्हती. वजन घटलं की शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं: घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक वाढवतं, पोट भरल्याची खूण देणारी कमी करतं, खर्चातही काटकसर करतं. रात्री मला जाग का यायची, त्याचं उत्तर इतक्या साध्या शब्दांत तिथे मिळालं. यांच्याकडे बघितलं तर ते पंख्याकडे बघत होते.

मी विचारलं, परदेशातल्या बायका दीडशे-दोनशे किलोच्या असतात, मी त्यांच्यापुढे काय? त्यावर त्यांनी पुण्याचीच गोष्ट काढली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलो तरी आपल्या लोकांची चरबी पोटात, अवयवांभोवती साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून लठ्ठपणाची रेघ पाश्चात्त्यांना 30 ला मारतात, ती आपल्याला 25 ला.

आता निर्णय: वजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची की नाही. साताऱ्याला परत येईपर्यंत एसटीत आम्ही दोघं फारसं बोललो नाही. शिरवळच्या पुढे हे म्हणाले, "तुला करायची असेल तर करू." एवढंच. खरी लढाई घरी होती.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवानं दिलेलं चांगलं पोट कापून टाकायचं? त्यापेक्षा कमी जेव की!" सासूबाईंचं स्वतःचं पित्ताशय काढलेलं आहे. तेव्हा देवाला कुणी विचारलं नव्हतं, उलट गावभरातून डबे आले होते. सर्जनच्या म्हणण्याप्रमाणे अनुभवी हातात या शस्त्रक्रियेतला जिवाचा धोका साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकाच असतो. भावाला हे सांगितलं, तर त्याने इजिप्तच्या इमान अहमदचं नाव काढलं. 2017 मध्ये तिला वजनाच्या उपचारांसाठी विमानाने मुंबईला आणलं होतं आणि त्याच वर्षी अबुधाबीत तिचा मृत्यू झाला. तिचं दुखणं माझ्याहून कितीतरी पलीकडचं होतं; पण टीव्हीवर पाहिलेलं लोकांच्या मनातून जात नाही. मी नितीन गडकरींचं नाव पुढे केलं, त्यांनी 2011 मध्ये वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. भाऊ म्हणाला, "ते मंत्री आहेत." यावर काय बोलणार?

सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास यायचा: शॉर्टकट. हृदयाच्या बायपासला शॉर्टकट म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यालाही "आधी चालायला का नाही गेलास?" असं विचारता येईल, पण कुणी विचारत नाही, फळं घेऊन भेटायला जातात. माझ्या दुखण्याला मात्र दुखणं म्हणायलाच कुणी तयार नव्हतं.

विमा कंपनीही त्यातलीच. खर्चाचा अंदाज साडेतीन लाखांचा होता आणि पहिलं उत्तर आलं की ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे. पण विमा नियामकांच्या 2019 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे: बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा निदान 35 असून तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हृदयविकार असेल आणि साधे उपाय करून झालेले असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया 'वजन कमी करण्याचे उपचार' म्हणून वगळता येत नाही. नियम वाचून अर्ज करणं हे आम्हा बँकवाल्यांचं रोजचंच काम. स्लीप स्टडीचा कागद जोडून पुन्हा पाठवलं. मंजूर झालं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, मी भुलीखाली होते. त्याआधी दोन आठवडे जवळजवळ पातळ पदार्थांवर काढले. यकृतावरची चरबी उतरून ते आकसतं, मग दुर्बिणीला जागा होते. मला जळजळीचा त्रास नव्हता म्हणून जठराच्या बायपासऐवजी स्लीव्ह ठरली: जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपल करून कापून काढतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. घ्रेलिन मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होतं. त्याच संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. आधी गाळलेलं पाणी आणि नारळपाणी, मग ताक, मग डाळीचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं. घरात सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी होत होती आणि मी औषधाच्या मापाने पेज पीत होते. वासाने काही व्हायचंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा भूक नव्हती. आनंद व्हायला हवा होता; मला मात्र दोन-तीन आठवडे सुतक आल्यासारखं वाटत होतं. माझ्या सगळ्या सुखदुःखांत जेवण होतं आणि ते एकाएकी गेलं. यासाठी शस्त्रक्रियेआधी समुपदेशकाकडे पाठवतात. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता.

भाकरीवर आले त्या दिवशी सवयीने मोठा घास घेतला. तो छातीच्या मधोमध अडकला. तोंडात फेसासारखी लाळ सुटली, धड गिळता येईना की काढता येईना. मोरीत जाऊन ओकल्यावर सुटका झाली. तेव्हापासून घास बोराएवढा, आणि जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी, अर्धा तास नंतर. आधी अंडं किंवा पनीर किंवा उसळ, मग जागा उरली तर चतकोर भाकरी. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि वाटीभर जेवणात ती बसवणं हे कोडंच असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गेले. पुढे आले, पण वेणी पूर्वीची नाही. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आता जन्मभर. दंडाची कातडी लोंबते. शॉर्टकट म्हणणाऱ्यांना मी हा दंड दाखवते.

सासूबाई मात्र बदलल्या. पाहुणा कंदी पेढ्याचा आग्रह करू लागला की त्याच मध्ये पडतात: "तिला नको. तिचं ऑपरेशन झालंय." गल्लीत त्या मला 'पोट कापून आलेली' म्हणतात, तेही कौतुकाने. आणि ज्या बायका हळदीकुंकवाला "जरा बारीक हो गं" म्हणायच्या, त्याच आता म्हणतात, "आता बास हं, चेहरा उतरलाय."

ऑपरेशन 2023 मधलं. वजन 71 पर्यंत उतरलं, मग थोडं चढून 74 वर स्थिरावलं आहे. सर्जन म्हणतात, एवढं चढणं अपेक्षितच. सीपॅप मशीन परत केलं. मधुमेहाच्या गोळ्या सध्या बंद आहेत, एचबीए1सी 5.9. नखं मी कापते. आता लोक विचारतात, वजन उतरवणारी इंजेक्शनं आली असताना कशाला कापून घेतलंस? त्यातलं मौंजारो भारतात आलं मार्च 2025 मध्ये, माझं त्याआधीच झालं होतं. ज्यांना ती लागू पडतात त्यांनी जरूर घ्यावीत. मात्र बंद केल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं, हे विचारून मगच सुरू करावीत.

तुमच्या घरात कुणी या वळणावर असेल, तर दोनच गोष्टी सांगते. सर्जनला फी विचारण्याआधी हे विचारा की ऑपरेशननंतर पाच वर्षं रक्त तपासून आहार कोण बघणार, आणि उत्तर नीट आलं नाही तर दुसरीकडे जा. आणि पहिल्याच भेटीला नवऱ्याला, सासूला, आईला, जे कुणी ताटात बघतं त्याला बरोबर न्या. ते घ्रेलिनचं प्रकरण त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.